दत्तकपद्धती

दत्तकपद्धती : एका मातापित्यांच्या पोटी जन्मलेले मूल दुसऱ्या व्यक्तीने अगर दांपत्याने विधिपूर्वक आपले अपत्य म्हणून स्वीकारणे, यास दत्तक घेणे असे म्हणतात. ‘दत्त’ म्हणजे दिलेला. त्यामुळे देणे व घेणे ही दोन्ही कृत्ये या संकल्पनेत गृहीत आहेत. दत्तकविधानाने मुलाचे जन्मकुटुंबातील हक्क व कर्तव्ये संपुष्टात येऊन दत्तककुटुंबात ती नव्याने निर्माण होतात. या दृष्टीने दत्तक हा केवळ पालनपोषणाहून अथवा पालकत्वाहून भिन्न आहे. कारण पालकत्व मूल सज्ञान होताच संपते, दत्तकनाते मात्र कायम राहते. ज्यांच्यासाठी दत्तक घ्यावयाचे ती व्यक्ती कोण, या प्रश्नाचे उत्तर इतिहासात बदलत गेले आहे. प्राचीन काळी ते कुळ होते. आधुनिक कायद्याने ते बालक मानले आहे. आज दत्तक घेऊ इच्छिणाऱ्या पालकांना जी प्रक्रिया लांबलचक व काटेकोर वाटते, तिचे मर्म या स्थित्यंतरात आहे.

प्राचीन काळ : मनुस्मृतीत पुत्रांचे बारा प्रकार सांगितले असून त्यांत औरस, क्षेत्रज, दत्तक, कृत्रिम, गूढोत्पन्न, अपविद्ध इत्यादींचा समावेश होतो. पिंडदान, श्राद्ध व वंशसातत्य यांसाठी पुत्र आवश्यक मानला गेल्याने निपुत्रिकाला पुत्राची सोय करून देणे, हा या वर्गीकरणामागील मुख्य हेतू होता. पुढे कलिवर्ज्य प्रकरणाने यांतील बहुतेक प्रकार निषिद्ध ठरविले आणि औरस व दत्तक हे दोनच पुत्र सामान्यतः मान्य राहिले. आईबापांनी टाकून दिलेल्या व दुसऱ्याने उचलून वाढविलेल्या मुलास ‘अपविद्ध’ अशी संज्ञा होती. आजच्या बहुसंख्य दत्तक बालकांची स्थिती या प्रकाराशी मिळतीजुळती आहे. परंतु नेमका हाच प्रकार व्यवहारातून लोपला, ही गोष्ट लक्षणीय आहे.

वसिष्ठ धर्मसूत्रात दत्तकविधानाचा विस्ताराने विचार आढळतो. एकुलता एक पुत्र देऊ अगर घेऊ नये, आप्तांना बोलावून व राजाला कळवून घरात होम करून पुत्र स्वीकारावा, शक्यतो तो निकटच्या नात्यातील असावा आणि दत्तक घेतल्यानंतर औरस पुत्र झाल्यास दत्तकास चतुर्थांश मिळावा, असे नियम त्यात आहेत. आप्तांसमोर व राजाच्या माहितीने दत्तक व्हावा, हा दंडक विशेष महत्त्वाचा होय. गुपचूप घेतलेले मूल पुढे वादाचा विषय होते, हा अनुभव त्यामागे असावा. दत्तक हा औरस पुत्राचे प्रतिबिंब असावा, या शौनकाच्या मतावरून ज्या स्त्रीशी विवाह धर्मसंमत नाही, तिचा मुलगा दत्तक घेऊ नये, असा नियम द्विजांपुरता निघाला. नंद पंडिताची दत्तकमीमांसा व दत्तकचंद्रिका हे या विषयावरील दोन प्रमाण ग्रंथ. त्यांची इंग्रजी भाषांतरे १८२१ मध्ये प्रसिद्ध झाली आणि ब्रिटिश न्यायालयांतून त्यांना मोठे प्रामाण्य लाभले. महाराष्ट्र व गुजरात या भागांत मात्र नीलकंठ भट्टाचा व्यवहारमयूख अधिक मान्यता पावला.

अन्य देशांतही दत्तकाची मूळ प्रेरणा वारसाचीच होती. रोममध्ये नेर्व्हाने ट्रेजनला दत्तक घेऊन सम्राटपदाचा वारसा निश्चित केला (इ. स. ९७). इंग्लंडमध्ये मात्र १९२६ पर्यंत दत्तकाचा कायदाच नव्हता. दत्तक हा बालकाच्या दृष्टीने योग्य आहे की नाही हे न्यायाधीशाने पाहावे, हे तत्त्व अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स राज्याने १८५१ च्या कायद्यात प्रथम ठळकपणे मांडले.

विधवेचा अधिकार : पतीच्या अनुज्ञेवाचून स्त्रीने पुत्र देऊ वा घेऊ नये, या वसिष्ठवचनाचे चार प्रांतांत चार अर्थ झाले. मिथिलेत विधवेला दत्तक घेण्याचा अधिकार मुळीच नाही, असे मानले गेले; बंगालमध्ये पतीने हयातीत दिलेली अनुज्ञा आवश्यक ठरली; दक्षिणेत सपिंडांची संमती पुरेशी समजली गेली. महाराष्ट्रात पतीने स्पष्ट मनाई केलेली नसेल, तर विधवेला स्वतःच्या इच्छेने दत्तक घेता येई. या उदार मतामुळे मराठी मुलखात विधवेने घेतलेले दत्तक मोठ्या प्रमाणावर आढळतात. तथापि अशा दत्तकाचा जन्म जणू मृत पतीच्या हयातीतच झाला, असे मानून त्याला मागील तारखेपासून हक्क दिले जात. त्यामुळे एकदा निश्चित झालेली मिळकत पुन्हा वादात सापडे आणि भाऊबंदांत पिढ्यान्‌पिढ्या दावे चालत. लोकमान्य टिळकांना ज्यात विश्वस्त या नात्याने गुंतावे लागले ते ताईमहाराज प्रकरण याचे सुपरिचित उदाहरण होय. १९०१ मध्ये औरंगाबाद येथे झालेल्या दत्तकविधानावरून उद्‌भवलेला हा वाद १९१५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलच्या निकालाने मिटला. एकुलत्या एका पुत्राचा दत्तक कायद्याने वैध आहे, असा निर्णय त्याच न्यायालयाने १८९९ मध्ये दिला होता. म्हणजे धर्मशास्त्राने केलेली मनाई केवळ उपदेशात्मक ठरली. या साऱ्या वादांत मिळकतीचा ऊहापोह बारकाईने झाला. दत्तक गेलेल्या मुलाला काय वाटले, हा प्रश्न न्यायालयापुढे आला नाही.

संस्थाने व दत्तक : एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दत्तक हा राजकीय प्रश्न बनला. गव्हर्नर जनरल डलहौसीने औरस वारस नसलेल्या काही संस्थानांतील दत्तक मान्य न करता ती खालसा केली. सातारा (१८४८), नागपूर (१८५४) व झांशी (१८५४) ही त्यांतील प्रमुख होत. झांशीच्या गंगाधररावांनी मृत्यूच्या आदल्या दिवशी घेतलेला दत्तकपुत्र दामोदरराव याचा हक्क नाकारण्यात आला. दुसऱ्या बाजीरावाने १८२७ मध्ये दत्तक घेतलेल्या नानासाहेबांना बाजीरावाच्या मृत्यूनंतर (१८५१) त्याचे वर्षासन मिळाले नाही. ‘दत्तक नामंजूर’ या शब्दांना मराठी इतिहासात जो कटू अर्थ आहे, तो या घटनांमुळे आला. १८५७ च्या उठावानंतर हे धोरण सोडून देण्यात आले आणि संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा देण्यात आल्या. या बदलाचा लाभ दोन संस्थानांच्या इतिहासात स्पष्ट दिसतो. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचे गोपाळराव यांना जमनाबाईंनी २७ मे १८७५ रोजी दत्तक घेतले, तेच बडोद्याचे सयाजीराव गायकवाड. कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव १७ मार्च १८८४ रोजी कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले, तेच राजर्षी शाहू महाराज.

अनाथ बालकांचा प्रश्न : राजघराण्यांत व वतनदारांत दत्तकासाठी मुलांची निवड होत असताना समाजाच्या दुसऱ्या टोकाला मुले टाकली जात होती. विधवाविवाहाला बंदी असल्याने विधवेच्या पोटी आलेल्या मुलाची हत्या अथवा त्याग करण्याचे प्रकार घडत. यावर उपाय म्हणून महात्मा जोतीराव फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यास बालहत्या प्रतिबंधक गृह स्थापन केले. पंढरपूर येथे १८७५ मध्ये प्रार्थना समाजाच्या प्रेरणेने याच स्वरूपाची संस्था निघाली. काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेस फुले यांच्या घरी १८७४ मध्ये झालेला मुलगा यशवंत यास जोतीराव व सावित्रीबाई यांनी दत्तक घेतले. जात, गोत्र, सपिंडत्व व मिळकतीचा वारसा या दत्तकाच्या सर्व रूढ कसोट्या येथे बाजूस पडल्या. यशवंतराव पुढे डॉक्टर झाले आणि १८९७ च्या प्लेगच्या साथीत सावित्रीबाईंसह त्यांनी रुग्णसेवा केली. जोतीरावांच्या अंत्ययात्रेच्या वेळी (१८९०) दत्तकपुत्राच्या अधिकाराला भाऊबंदांनी हरकत घेतल्याने सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे धरले, असे चरित्रकार नमूद करतात. कायद्याने नाते जडले, तरी समाज ते मान्य करीलच असे नाही, ही अडचण तेव्हापासून दत्तक बालकांच्या वाट्यास आली आहे. आधुनिक अर्थाने बालकासाठी झालेल्या दत्तकाचा महाराष्ट्रातील आरंभ या घटनेत पाहता येतो.

विसाव्या शतकातील कायदे : ‘हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम’ २१ डिसेंबर १९५६ रोजी अमलात आला. हिंदू, बौद्ध, जैन व शीख यांना तो लागू आहे. मुलीला दत्तक घेण्यास त्याने प्रथमच सर्वत्र मान्यता दिली. अविवाहित, विधवा व घटस्फोटित स्त्रियांना स्वतःच्या नावाने दत्तक घेण्याचा अधिकार दिला. दत्तहोमाची आवश्यकता काढून टाकली व प्रत्यक्ष देणे-घेणे एवढेच अनिवार्य ठेवले. दत्तकाचे हक्क दत्तकदिनापासूनच निर्माण होतील व आधी कोणाकडे निश्चित झालेली मिळकत दत्तकामुळे काढून घेतली जाणार नाही, अशी तरतूद करून जुन्या दाव्यांचे मूळच त्याने तोडले. दत्तकाच्या मोबदल्यात पैसा देणे-घेणे हा गुन्हा ठरविण्यात आला, तसेच एकदा झालेला वैध दत्तक रद्द करता येणार नाही, असेही स्पष्ट करण्यात आले. मूळ कायद्यात विवाहित स्त्रीला दत्तक घेण्याचा स्वतंत्र अधिकार नव्हता. ही विषमता २०१० च्या दुरुस्तीने दूर झाली.

तथापि हा कायदा धर्माच्या चौकटीत राहिला. मुसलमान, ख्रिस्ती, पारशी व ज्यू यांना १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमान्वये केवळ पालकत्व मिळे. ते मूल सज्ञान होताच संपे व त्यातून वारसाहक्क निर्माण होत नसे. सर्वांसाठी समान दत्तक कायदा करण्याचे १९७२ व १९८० मधील विधेयकांचे प्रयत्न सफल झाले नाहीत. याच काळात भारतीय बालके परदेशी पालकांकडे पाठविण्याचे प्रमाण वाढले आणि त्यातील गैरव्यवहारांच्या तक्रारी होऊ लागल्या. लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी लिहिलेल्या पत्राची दखल घेऊन सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी १९८४ रोजी दिलेल्या निकालात न्या. पी. एन्. भगवती यांनी आंतरदेशीय दत्तकासाठी सविस्तर दंडक घालून दिले. बालकाला प्रथम स्वदेशातील कुटुंब मिळावे, ते न मिळाल्यासच परदेशाचा विचार व्हावा, हे त्यांतील मूलतत्त्व होय. त्यातूनच १९९० मध्ये ‘कारा’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी केंद्रीय दत्तक संस्था स्थापन झाली. १९९३ च्या हेग करारास भारताने २००३ मध्ये अनुसमर्थन दिले.

खरा पालट बालन्याय कायद्याने घडविला. २००० चा बालन्याय अधिनियम व त्याची २००६ ची दुरुस्ती यांनी अनाथ, परित्यक्त व स्वाधीन केलेल्या बालकांना धर्मनिरपेक्ष रीतीने दत्तक देण्याची वाट खुली केली. शबनम हाश्मी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९ फेब्रुवारी २०१४ रोजी या कायद्याचा आश्रय कोणत्याही धर्माच्या व्यक्तीस घेता येतो, असे स्पष्ट केले. त्यानंतरचा २०१५ चा अधिनियम १५ जानेवारी २०१६ रोजी अमलात आला व ‘कारा’ला वैधानिक दर्जा मिळाला. २०२१ च्या दुरुस्तीने दत्तकाचा आदेश देण्याचा अधिकार न्यायालयाकडून जिल्हाधिकाऱ्यांकडे सोपविण्यात आला (१ सप्टेंबर २०२२ पासून).

सध्याची प्रक्रिया : अनाथ, परित्यक्त व स्वाधीन केलेल्या बालकांचा दत्तक २०२२ च्या दत्तक विनियमांनुसार होतो. या प्रक्रियेच्या दोन बाजू असतात व त्या समांतर चालतात. पहिली बालकाची. टाकलेले मूल सापडल्यास ते बालकल्याण समितीपुढे हजर केले जाते. त्याच्या आईवडिलांचा शोध घेतला जातो. शोध निष्फळ ठरल्यासच समिती ते बालक दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त असल्याचे घोषित करते. दोन वर्षांपर्यंतच्या बालकाबाबत यासाठी दोन महिन्यांची व त्याहून मोठ्या बालकाबाबत चार महिन्यांची मुदत आहे. आईवडिलांनी स्वतः स्वाधीन केलेल्या बालकाच्या बाबतीत त्यांना फेरविचारासाठी दोन महिने दिले जातात. या मुदतींमुळे पालकांची प्रतीक्षा वाढते खरी. परंतु गरिबीने वा भीतीने मूल सोडलेल्या मातेला परत फिरण्याची वाट त्यामुळेच उरते.

दुसरी बाजू इच्छुक पालकांची. त्यांना ‘कारा’च्या संगणकीय प्रणालीवर नोंदणी करून ओळख, वय, निवास, उत्पन्न, विवाह व आरोग्य यांसंबंधीची कागदपत्रे सादर करावी लागतात. दांपत्याच्या बाबतीत दोघांची संमती व किमान दोन वर्षांचे स्थिर वैवाहिक जीवन अपेक्षित असते. एकट्या स्त्रीला मुलगा वा मुलगी कोणीही दत्तक घेता येते; एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक घेता येत नाही. पालक व बालक यांच्या वयांत किमान २५ वर्षांचे अंतर असावे लागते. दांपत्याच्या वयांच्या बेरजेची कमाल मर्यादा दोन वर्षांपर्यंतच्या बालकासाठी ८५, दोन ते चार वर्षांसाठी ९०, चार ते आठ वर्षांसाठी १०० व आठ ते अठरा वर्षांसाठी ११० अशी आहे. एकट्या पालकासाठी याच मर्यादा अनुक्रमे ४०, ४५, ५० व ५५ वर्षे आहेत. दोन किंवा अधिक अपत्ये असलेल्या दांपत्यांचा विचार, नातेवाइकांचे व सावत्र मुलांचे दत्तक वगळता, विशेष गरजा असलेल्या अथवा ज्यांना कुटुंब मिळणे कठीण जाते अशा बालकांसाठीच होतो.

नोंदणीनंतर सामाजिक कार्यकर्ता घरी येऊन गृह अध्ययन अहवाल तयार करतो. हा अहवाल कागदपत्रे सादर झाल्यापासून ६० दिवसांत पूर्ण व्हावयाचा असून तीन वर्षे ग्राह्य धरला जातो. या भेटीला परीक्षेचे स्वरूप नसते. घरातील आजीआजोबा व आधीची मुले या निर्णयाकडे कसे पाहतात आणि पालकांची मानसिक तयारी कितपत आहे, हे तीत समजून घेतले जाते. ज्येष्ठताक्रमाने पाळी आल्यावर बालकाचा अध्ययन अहवाल व वैद्यकीय अहवाल पालकांना दाखविला जातो. ४८ तासांत त्यांनी बालक राखून ठेवावयाचे असते. अशा संधी तीनच मिळतात. त्यानंतर पालक संस्थेत जाऊन बालकाला भेटतात, हवे तर आपल्या डॉक्टरकडून त्याची तपासणी करून घेतात व स्वीकृती देतात. बालक प्रथम दत्तकपूर्व संगोपनासाठी घरी येते. नंतर जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज होऊन दोन महिन्यांत आदेश अपेक्षित असतो. या आदेशावरून दत्तक पालकांची नावे असलेला जन्मदाखला मिळतो. पुढील दोन वर्षे दर सहा महिन्यांनी बालकाच्या प्रगतीची पाहणी होते.

इच्छुक पालकांना ही वाट सुकर करता येते, ती कायद्याने आखलेल्या मर्यादेतच. सर्व कागदपत्रांतील नावे व पत्ते एकसारखे असणे, आरोग्याची माहिती न लपविणे, ४८ तासांच्या मुदतीत निर्णय घेता यावा म्हणून घरातील चर्चा आधीच पूर्ण करणे आणि अहवालाची मुदत संपण्यापूर्वी त्याचे नूतनीकरण करणे, या साध्या गोष्टींनी बराच विलंब टळतो. मोठ्या वयाच्या, भावंडांसह असलेल्या वा विशेष गरजा असलेल्या बालकाचा विचार मोकळ्या मनाने केल्यास प्रतीक्षा सामान्यतः कमी होते. मात्र केवळ लवकर मिळते म्हणून तसा निर्णय घेणे बालकाच्या व पालकांच्याही हिताचे नाही.

अडचणी : या क्षेत्रातील मुख्य पेच संख्येचा आहे. २०२२ मधील संसदीय समितीच्या अहवालानुसार २०२१ च्या अखेरीस सुमारे २८ हजार पालक नोंदणी करून वाट पाहत होते, तर दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त घोषित झालेली बालके सुमारे अडीच हजारच होती. संस्थांत राहणारी पण अद्याप मुक्त घोषित न झालेली बालके याहून पुष्कळ अधिक होती. या तफावतीतूनच मध्यस्थ व गैरमार्ग यांना वाव मिळतो. नवजात बालक परस्पर ताब्यात घेऊन आपल्या नावाने जन्मनोंद करविणे हा काही पालकांना सोपा उपाय वाटतो. परंतु विहित पद्धती टाळून अनाथ, परित्यक्त वा स्वाधीन केलेले बालक देणे-घेणे हा तीन वर्षांपर्यंतच्या कारावासाचा किंवा दंडाचा गुन्हा असून बालकाची खरेदीविक्री केल्यास सक्तमजुरीची शिक्षा अधिक कडक आहे. असे मूल पुढे वारसाहक्काच्या वादात उघडे पडते व त्याच्या जन्माचा मागमूस कायमचा पुसला जातो. कोविडच्या साथीत अनाथ झालेली मुले परस्पर दत्तक देण्याची आवाहने पसरू लागली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाला जून २०२१ मध्ये याविरुद्ध कारवाईचे निर्देश द्यावे लागले.

दुसरी अडचण सत्यकथनाची. दत्तक ही गोष्ट मुलापासून लपवून ठेवण्याकडे पूर्वी कल असे. आता ती लहानपणापासून, वयाला साजेल अशा भाषेत सांगावी, असा बाल मानसशास्त्रज्ञांचा सर्वसाधारण सल्ला आहे. आपले मूळ शोधण्याचा बालकाचा हक्क विनियमांनी मान्य केला असून, स्वाधीन करणाऱ्या मातापित्यांची गोपनीयता सांभाळून संस्थांनी त्यास साहाय्य करावयाचे असते.

वसिष्ठाने आप्तांना बोलवावे व राजाला कळवावे असे सांगितले, तेव्हा त्याच्यासमोर कुळाचे हित होते. आजचा कायदाही दत्तक उघडपणे व शासनाच्या माहितीने व्हावा, असा आग्रह धरतो. फरक एवढाच की, आता या साक्षी कोणासाठी आहेत, याचे उत्तर बदलले आहे. स्वतःच्या वतीने बोलू न शकणाऱ्या बालकाच्या वतीने समिती, सामाजिक कार्यकर्ता व जिल्हाधिकारी बोलतात. हे ध्यानात घेतले, म्हणजे इच्छुक पालकांना प्रक्रियेतील प्रत्येक कागद हा आपल्या वाटेतील अडथळा न वाटता, पुढे आपल्याच घरी येणाऱ्या मुलाचे संरक्षण वाटू लागतो.